आर अँड डी विभागात माणसं नेमकी किती? कंपन्यांमधले संशोधक कसे मोजतात, सोप्या भाषेत

नोकरीच्या कुठल्याही साइटवर जाऊन 'आर अँड डी इंजिनिअर' असं शोधून बघा. जाहिरातींची रांग लागेल. त्यातल्या एका जाहिरातीत औषधाच्या गोळीचं नवं मिश्रण तयार करायचं काम असतं. दुसरीत लाइनवरून आलेला माल गेजने तपासायचा असतो. तिसरीत ग्राहकाच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये एक नवीन रिपोर्ट जोडून द्यायचा असतो. पदाचं नाव एकच, कामं मात्र तीन वेगळी. मग या तिघांनाही संशोधन आणि विकास विभागातले कर्मचारी म्हणायचं का?

प्रश्न वाटतो तितका साधा नाही. याच मोजणीवरून एखादा देश संशोधनात किती पुढे आहे ते ठरतं, कंपन्यांना सवलती मिळतात आणि तुमच्यासारख्या तरुणाचं करिअर कुठल्या रुळावर जाणार तेही ठरतं. चला तर मग, ही मोजणी कशी होते, कुठल्या उद्योगात किती संशोधक लागतात आणि भारतात यात कमी कुठे पडतं, ते एकेक करून समजून घेऊया.

कंपनीने पगारी संशोधक ठेवायची पद्धत कुठून आली?

शोध लावणारा एकटा माणूस ही जुनी गोष्ट. कंपनीने पगार देऊन शास्त्रज्ञांची फौज बाळगायची, ही कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजली. अमेरिकेत थॉमस एडिसनने १८७६ मध्ये मेन्लो पार्कला प्रयोगशाळा उभी केली. जनरल इलेक्ट्रिकने १९०० मध्ये स्वतःची संशोधन प्रयोगशाळा काढली. पण खरी बाजी मारली ती जर्मनीच्या रंग बनवणाऱ्या कंपन्यांनी.

यातला एक किस्सा थेट आपल्याशी जोडलेला आहे. त्या काळी जगभर वापरली जाणारी निळी नीळ मोठ्या प्रमाणावर बंगाल-बिहारच्या शेतातून जात होती. जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीने ही नीळ कारखान्यात बनवायचं ठरवलं. रसायनशास्त्रज्ञांना पगार देत कंपनी तब्बल १७ वर्षं या एका प्रश्नावर बसून राहिली आणि १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली. पहिलं महायुद्ध सुरू होईपर्यंत भारतातल्या नैसर्गिक निळीचा धंदा जवळजवळ बसला होता. म्हणजे बघा, हजारो मैल दूर असलेल्या एका कंपनीच्या पगारपत्रकावर रसायनशास्त्रज्ञ होते, आणि त्याची झळ इथल्या शेताच्या बांधापर्यंत पोचली. संशोधनाला माणसं लावणं ही चैन नाही, हे तेव्हाच स्पष्ट झालं होतं.

मोजणीचं पुस्तक: फ्रास्काटी मॅन्युअल

संशोधक मोजायचे तर आधी 'संशोधन' म्हणजे काय हे ठरायला हवं. नाहीतर प्रत्येक देश आपापल्या सोयीने आकडा फुगवणार. म्हणून १९६३ मध्ये इटलीत रोमजवळच्या फ्रास्काटी गावात ओईसीडी या संघटनेचे तज्ज्ञ जमले आणि त्यांनी मोजणीची नियमावली तयार केली. गावाच्या नावावरूनच तिला फ्रास्काटी मॅन्युअल म्हणतात. तिची सातवी आवृत्ती २०१५ मध्ये आली. आज जगातले बहुतेक देश हीच पद्धत वापरतात.

या पुस्तकाप्रमाणे एखादं काम संशोधन आणि विकास ठरायचं असेल, तर त्याने पाचही कसोट्या पार करायला हव्यात:

• नवेपणा: हातात येणारं ज्ञान त्या क्षेत्रासाठी नवीन हवं.
• कल्पकता: ठरलेली कृती पुन्हा करणं नव्हे, स्वतःची कल्पना लढवणं.
• अनिश्चितता: शेवटी काय निघेल, किती वेळ आणि पैसा लागेल, हे सुरुवातीला माहीत नसतं.
• पद्धतशीरपणा: नियोजन, बजेट आणि नोंदी यांच्यासह केलेलं काम.
• हस्तांतरण: निघालेलं ज्ञान दुसऱ्याला देता येईल, त्याला ते पुन्हा करून बघता येईल असं हवं.

यातली तिसरी कसोटी सगळ्यात कामाची. उत्तर आधीच माहीत असेल आणि फक्त मेहनत बाकी असेल, तर ते काम कितीही कठीण असो, ते संशोधन नाही.

आता सुरुवातीचे तिघे आठवा. नव्या मिश्रणावर काम करणारा यात बसतो. गेजने माल तपासणारा बसत नाही, कारण ती गुणवत्ता तपासणी झाली. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये रिपोर्ट जोडणाराही बसत नाही. ज्ञात पद्धती आणि तयार साधनं वापरून सॉफ्टवेअर बनवणं, आहे त्या प्रोग्रामला नवी सोय जोडणं, नेहमीचे बग काढणं, ही कामं मॅन्युअलने स्पष्टपणे बाहेर ठेवली आहेत. काम हलकं आहे म्हणून नाही, तर त्यात नवं ज्ञान तयार होत नाही म्हणून.

माणसं मोजायची दोन मापं

संशोधन आणि विकासातल्या माणसांचे तीन गट पडतात. पहिला गट संशोधकांचा. नव्या ज्ञानाची, नव्या उत्पादनाची आखणी करणारे, आणि त्या प्रकल्पांच्या शास्त्रीय बाजूचं व्यवस्थापन करणारेही यातच येतात. दुसरा गट तंत्रज्ञांचा. संशोधकाच्या देखरेखीखाली चाचण्या घेणारे, यंत्र जुळवणारे, नोंदी ठेवणारे. तिसरा गट थेट मदत करणाऱ्यांचा, म्हणजे प्रकल्पाचे कुशल-अकुशल कामगार, कारकून वगैरे. कँटीन आणि गेटवरची सुरक्षा सांभाळणारे मात्र यात धरत नाहीत. त्यांचा खर्च संशोधनाच्या वरखर्चात जातो, पण डोकी मोजताना ते बाहेर.

मोजायची मापं दोन. एक म्हणजे सरळ डोकी मोजणं. दुसरं म्हणजे 'पूर्णवेळ समतुल्य', ज्याला सगळे एफटीई म्हणतात. कोणी वर्षभर पूर्ण वेळ संशोधन केलं तर १ एफटीई. अर्धा वेळ केलं तर ०.५. आणि कोणी रात्री बारापर्यंत थांबला तरी एका माणसाचे १ पेक्षा जास्त एफटीई होत नाहीत!

एक काल्पनिक उदाहरण घेऊया. चाकणच्या एका कारखान्याने सांगितलं, "आमच्या आर अँड डीमध्ये १२ माणसं आहेत." आता हिशोब मांडू:

• ३ इंजिनिअर, वर्षभर पूर्ण वेळ: ३.०
• ४ प्रॉडक्शन इंजिनिअर, त्यांचा पाव वेळ नव्या डिझाइनवर: १.०
• २ टेक्निशियन, अर्धा वेळ: १.०
• १ नवीन भरती, ऑक्टोबरमध्ये रुजू, मार्चपर्यंत पूर्ण वेळ: ०.५
• १ विभागप्रमुख, अर्धा वेळ प्लँटच्या बैठकांत: ०.५
• १ विभागाच्या दारावरचा सुरक्षारक्षक: ०

बेरीज ६. म्हणजे कंपनी म्हणते १२, नियमाने डोकी भरतात ११, आणि प्रत्यक्षात संशोधनाला मिळालेला वेळ फक्त ६ माणसांचा. तिन्ही आकडे एकाच विभागाचे. म्हणून कुठल्याही कंपनीचा किंवा देशाचा आकडा वाचताना पहिला प्रश्न हाच विचारायचा: डोकी मोजलीत की वेळ?

मोठ्या कंपन्यांचे आकडे वाचतानाही हे ध्यानात ठेवा. चीनच्या हुआवेने आपल्या २०२३ च्या वार्षिक अहवालात संशोधन आणि विकासात सुमारे १ लाख १४ हजार कर्मचारी असल्याचं म्हटलं आहे, म्हणजे एकूण मनुष्यबळाच्या ५५ टक्के. आकडा प्रचंड आहे यात शंका नाही. पण कंपनी स्वतःच्या अहवालात जो आकडा देते, तो तिने केलेल्या विभागणीप्रमाणे असतो. सरकारी सर्वेक्षणातल्या एफटीईशी त्याची सरळ तुलना करता येत नाही.

कुठल्या उद्योगात किती संशोधक, आणि का?

सगळ्या उद्योगांना सारखे संशोधक लागत नाहीत. प्रत्येकाची गरज वेगळी, कारणंही वेगळी.

औषधं: भारतात खासगी क्षेत्रात संशोधनावर सगळ्यात जास्त खर्च करणारा हा उद्योग. यात रेणू शोधणारे, मिश्रण बनवणारे, विश्लेषण करणारे आणि रुग्णांवरच्या चाचण्या सांभाळणारे असे लोक लागतात. औषध बाजारात येण्यापूर्वीचे चाचण्यांचे पहिले तीन टप्पे संशोधनात धरले जातात. बाजारात आल्यानंतरचा चौथा टप्पा मात्र त्यातून खरंच नवं ज्ञान निघत असेल तरच धरायचा. इथे पेटंटचं संरक्षण मजबूत असतं आणि परवान्यासाठी पुरावे द्यावेच लागतात, म्हणून माणसं ठेवणं परवडतं आणि भागही पडतं.

वाहनं: नवीन गाडीचा नमुना बनवणं, तो चाचणीत मोडून बघणं, पुन्हा बदलणं, हे संशोधन. पण डिझाइन पक्कं झाल्यावर डाय आणि जिग बनवून लाइन उभी करणं हे संशोधन नाही, ती उत्पादनाची तयारी. पुण्यात टाटा मोटर्सचं इंजिनिअरिंग रिसर्च सेंटर १९६६ पासून आहे. त्याच वर्षी वाहन उद्योग आणि सरकार यांनी मिळून पुण्यातच एआरएआय ही संस्था सुरू केली.

सुटे भाग आणि जॉब वर्क: भोसरी-पिंपरीच्या पट्ट्यातल्या असंख्य लहान कारखान्यांत ड्रॉइंग ग्राहकाकडून येतं. मटेरियल कुठलं, टॉलरन्स किती, सगळं त्यावर लिहिलेलं. कारखान्याने फक्त तो भाग चोख बनवून द्यायचा. कौशल्य भरपूर, पण संशोधकाची जागा शून्य. कारण डोकं चालवायचं काम ड्रॉइंग देणाऱ्याने आधीच करून ठेवलेलं असतं, आणि नफ्याचा मोठा वाटाही त्याच्याकडेच राहतो.

सॉफ्टवेअर: नवी एन्क्रिप्शन पद्धत, नवा अल्गोरिदम, नव्या प्रकारचं डेटाबेस इंजिन, हे संशोधन. पण आपल्याकडच्या आयटी उद्योगाचा मोठा भाग सेवा देण्याचा आहे. म्हणून लाखो इंजिनिअर असूनही संशोधक म्हणून मोजले जाणारे त्यामानाने थोडे.

कापड: एकेका गिरणीला स्वतःची प्रयोगशाळा परवडत नव्हती. त्यावर उपाय म्हणून गिरण्यांनी एकत्र येऊन सामायिक संस्था काढल्या. अहमदाबादची अटिरा, मुंबईची सस्मिरा (१९५०) आणि बीटीआरए (१९५४) ही त्याची उदाहरणं. फ्रास्काटीच्या नियमानुसार उद्योगांच्या सेवेसाठी चालणाऱ्या अशा संस्थांची माणसंही उद्योग क्षेत्रातच धरतात.

खाणकाम: नवीन खनिजसाठा शोधायला भूगर्भशास्त्रज्ञ वणवण फिरतात, तरी ते संशोधन आणि विकास नाही! साठा शोधणं हा त्या धंद्याचा नेहमीचा भाग आहे. पण साठा शोधायची नवी पद्धत बनवली, तर ते संशोधन.

उद्योगानुसार आकडे वाचताना होणारी गफलत

समजा, एका रसायन कंपनीत २०० संशोधक आहेत. उद्या कंपनीने प्रयोगशाळा वेगळी काढून तिची स्वतंत्र कंपनी केली. माणसं तीच, इमारत तीच, काम तेच. पण आकडेवारीत ती 'संशोधन सेवा' या वेगळ्या उद्योगात जाऊ शकतात आणि रसायन उद्योगाचे संशोधक एकदम कमी झालेले दिसतात. म्हणूनच चांगल्या सर्वेक्षणात दोन गोष्टी विचारतात: तुमचा मुख्य धंदा कुठला, आणि तुमचं संशोधन कुठल्या उद्योगासाठी चाललंय?

दुसरी गफलत परदेशी कंपन्यांच्या केंद्रांची. पुणे, बेंगळुरू, हैदराबादला जागतिक कंपन्यांची केंद्रं आहेत. नॅसकॉम आणि झिनोव्ह यांच्या अहवालानुसार २०२३-२४ मध्ये अशी १,७०० हून अधिक केंद्रं आणि त्यात सुमारे १९ लाख कर्मचारी होते. यातले सगळे काही संशोधक नाहीत. हिशोब, ग्राहकसेवा, आयटी सपोर्ट हेही तिथेच चालतं. पण जे खरोखर संशोधन करतात, त्यांची मोजणी काम ज्या देशात होतं त्या देशात, म्हणजे भारतात होते. त्यांच्या कामातून निघालेल्या पेटंटची मालकी मात्र अनेकदा परदेशातल्या मूळ कंपनीकडे असते. संशोधक आपल्या यादीत, रॉयल्टी दुसऱ्याच्या खात्यात!

भारताचं चित्र

आता आपल्याकडचे सरकारी आकडे बघू. १ एप्रिल २०१८ च्या स्थितीनुसार देशातल्या संशोधन संस्थांत, उद्योगांचे विभाग धरून, सुमारे साडेपाच लाख लोक काम करत होते. थेट संशोधन करणारे त्यात सुमारे ३ लाख ४२ हजार. त्यात महिला ५६,७४७, म्हणजे फक्त १६.६ टक्के. दर दहा लाख लोकसंख्येमागे संशोधक २६२. साधारण त्याच काळात हा आकडा चीनमध्ये हजाराच्या वर आणि दक्षिण कोरियात सात हजारांच्या वर होता.

खर्चाचं म्हणाल तर २०२०-२१ मध्ये देशाचा संशोधनावरचा एकूण खर्च १,२७,३८१ कोटी रुपये, म्हणजे जीडीपीच्या ०.६४ टक्के होता. यात खासगी उद्योगांचा वाटा ३६.४ टक्के. केंद्र सरकारचा वाटा त्याहून मोठा, ४३.७ टक्के. दक्षिण कोरिया, जपान, अमेरिका या देशांत चित्र उलटं आहे. तिथले बहुसंख्य संशोधक कंपन्यांमध्ये काम करतात.

म्हणजे आपली खरी उणीव सरकारी प्रयोगशाळांपेक्षा कंपन्यांच्या आत आहे. सरकारी प्रयोगशाळेत चांगला शोध लागला, तरी तो उचलून त्याचं उत्पादन करायला कंपनीत समजणारा माणूस हवा ना? तो नसेल तर शोध कागदावरच राहतो.

सवलत, आणि पाटी लावण्याचा मोह

कंपन्यांनी संशोधन करावं म्हणून सरकारने सवलती दिल्या. केंद्राचा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन विभाग, म्हणजे डीएसआयआर, कंपन्यांच्या संशोधन विभागांना मान्यता देतो. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ३५(२एबी) खाली ठरावीक उद्योगांना मान्यताप्राप्त विभागावरच्या खर्चाच्या दुप्पट वजावट मिळायची. १ कोटी खर्च केले तर उत्पन्नातून २ कोटी वजा. एप्रिल २०१७ पासून ती दीडपट झाली आणि एप्रिल २०२० पासून जेवढा खर्च तेवढीच वजावट उरली.

दुप्पट सवलत असली की तपासणी विभागाच्या दारावर 'आर अँड डी' अशी पाटी लावायचा मोह कोणालाही होईल. हे ओळखूनच डीएसआयआरच्या मार्गदर्शक सूचनांत बाजारपेठेचा अभ्यास, नेहमीच्या चाचण्या, गुणवत्ता नियंत्रण, रोजच्या उत्पादनाची देखभाल ही कामं स्पष्टपणे बाहेर ठेवली आहेत.

१ जुलै २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने खासगी क्षेत्रातल्या संशोधनासाठी १ लाख कोटी रुपयांच्या योजनेला मंजुरी दिली. कमी किंवा शून्य व्याजाने दीर्घ मुदतीचं भांडवल, असं तिचं स्वरूप. पैसा आला ही चांगलीच गोष्ट. पण पैशाने यंत्र एका वर्षात विकत घेता येतं, दहा वर्षं एका प्रश्नावर बसलेला माणूस विकत मिळत नाही. तो घडवावा लागतो आणि तो टिकावा म्हणून तसा पगार आणि तसा मान द्यावा लागतो. म्हणून या योजनेचं यश मोजताना किती कोटी वाटले यासोबत किती एफटीई वाढले हेही बघायला हवं.

तुम्ही नोकरी शोधत असाल तर

'आर अँड डी' या नावाला भुलू नका. तीन वर्षं फक्त तपासणीचे रिपोर्ट भरले, तर पुढच्या मुलाखतीत "तुम्ही नवीन काय केलंत?" या प्रश्नाला उत्तर देणं जड जातं. म्हणून ऑफर स्वीकारण्याआधी हे नक्की विचारा:

१. माझ्या वेळेपैकी किती टक्के वेळ नव्या प्रकल्पावर जाईल आणि किती चालू उत्पादनावर?
२. विभाग डीएसआयआर मान्यताप्राप्त आहे का?
३. गेल्या वर्षी किती प्रकल्प मध्येच सोडले? ("एकही नाही" असं उत्तर आलं तर सावध व्हा. जिथे कधीच काही फसत नाही, तिथे अनिश्चित असं काही करतच नाहीत.)
४. डिझाइनचे निर्णय इथे होतात की ड्रॉइंग बाहेरून येतं?
५. पेटंटवर काम करणाऱ्याचं नाव लागतं का?

आणि तुमचा स्वतःचा लहान कारखाना असेल, तर मोठा विभाग नको, १ एफटीईपासून सुरुवात करा. दोन हुशार माणसांचा अर्धा-अर्धा वेळ, पण तो खरोखर राखून ठेवलेला. डिस्पॅचची घाई आली की त्यांना लाइनवर ओढायचं नाही, एवढं पथ्य पाळायचं. मोठी चाचणी यंत्रं एआरएआयसारख्या संस्थांकडे पैसे भरून वापरता येतात.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पीएचडी नसेल तर संशोधक म्हणून मोजतात का?
हो. मोजणी तुम्ही काय काम करता यावर आहे. डिप्लोमा असलेला माणूस नवीन डिझाइनची आखणी करत असेल तर तोही संशोधकच.

पेटंटचे अर्ज भरणारा कर्मचारी यात येतो का?
नाही. पेटंटचं कायदेशीर आणि कार्यालयीन काम संशोधनात धरत नाहीत.

इनोव्हेशन आणि आर अँड डी एकच का?
नाही. नवं पॅकिंग किंवा विक्रीची नवी पद्धत हेही इनोव्हेशन असू शकतं, पण त्यासाठी संशोधन झालेलंच असतं असं नाही. इनोव्हेशन मोजायला ओस्लो मॅन्युअल नावाचं वेगळं पुस्तक आहे.

तर मित्रांनो, यापुढे "आमच्याकडे इतके हजार संशोधक" अशी बातमी दिसली की तीन गोष्टी विचारायच्या: डोकी की एफटीई? काम नवं की नेहमीचं? आणि निघालेल्या ज्ञानाचा मालक कोण? या तिन्हींची उत्तरं मिळाली की मगच तो आकडा मोठा मानायचा की नाही ते ठरवा.